तीन काडतुसांची काटकसर

दसऱ्याच्या दिवशी आमच्या आजोळी, वसईला, देवघरासमोरच्या पाटावर एक रायफल येऊन बसत असे. तिच्यावर झेंडूची दोन फुले, हळदकुंकू आणि आजीची ताकीद, "पोरांनो, हात लावाल तर खबरदार!" मी तिला पाहिले तेव्हा ती म्हातारी झाली होती आणि तिची शिकार केव्हाच सुटली होती. पण आजोबांच्या तोंडून तिची हकिकत ऐकल्यावाचून माझी दिवाळीची सुटी कधी पुरी झाली नाही.

वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. पालघर जिल्हा झाला तो २०१४ साली. आज जिथे बिऱ्हाडांचे मजले चढले आहेत, तिथे केळीच्या बागा आणि भाताची खाचरे होती. तुंगारेश्वरच्या डोंगरातून रानडुकरे उतरत आणि कापणीला आलेले भात एका रात्रीत लोळवून जात. म्हणून आजोबांनी रीतसर परवाना काढून .३१५ बोअरची रायफल घेतली. हा आकडाही मोठा बोलका आहे. इंग्रजी लष्कराची रायफल .३०३ बोअरची, तिला चालणारे काडतूस खाजगी माणसाच्या हाती पडू नये, म्हणून त्याच्यासाठी हे निराळे माप. इंग्रज गेले, माप मात्र राहिले. ईशापूरच्या सरकारी कारखान्याने पुढे याच मापाच्या रायफली केल्या आणि काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात तयार झाली.

रायफल घेतली, नेम धरला, चाप ओढला की गोळी जागेवर, अशी आपली शहरी माणसांची समजूत. आजोबा हसत. "अरे, नळी आणि काडतूस यांचेही लग्नच असते. पत्रिका कितीही जुळो, संसार करून पाहिल्याशिवाय कळत नाही!"

त्यात थट्टा थोडी आणि खरे पुष्कळ होते. नळीच्या आत पिळदार आटे असतात. ते गोळीला भोवऱ्यासारखी गती देतात. दारूचा स्फोट झाला की पोलादी नळीसुद्धा थरथरते. गोळीचे वजन, दारूचे प्रमाण, काडतुसाची बनावट यांत जरा फरक पडला, की त्या थरथरीच्या निराळ्याच क्षणी गोळी तोंडाबाहेर पडते आणि निराळ्या वाटेने जाते. शिवाय बाहेर पडल्याबरोबर ती जमिनीकडे ओढली जाऊ लागते ती वेगळीच. त्यामुळे एका रायफलीची लाडकी काडतुसे तिच्याच सख्ख्या बहिणीला मानवतील असे नाही.

ही पारख करण्याची आजोबांची रीत ठरलेली होती. दसरा झाला, पाऊस ओसरला, की डोंगराच्या पायथ्याला जायचे. पाठीशी मातीचा उंच दरडवजा बांध हवाच, म्हणजे चुकलेली गोळी कुणाच्या दारी जायची नाही. वाळूच्या पोत्यावर रायफल टेकवायची, नळीतले तेल पुसून काढायचे आणि शंभर पावलांवर लावलेल्या कागदावर तीन गोळ्या झाडायच्या. एक नव्हे, तीन. एक गोळी मधोमध लागली तर तो योगायोगही असेल. तिन्ही भोके नाण्याखाली झाकतील इतकी जवळ पडली, तर काडतूस मानवले. मग ती मध्यापासून कितीही दूर असोत. ती चूक सुधारता येते. विखुरलेली भोके मात्र कुणालाच सुधारता येत नाहीत. तिथे काडतूसच बदलायचे.

सुधारायचे कसे? गोळी डावीकडे जात असेल तर मागची खाच उजवीकडे सरकवायची, किंवा तोंडावरची माशी डावीकडे. खाच आणि माशी यांत ५६ सेंटीमीटर अंतर असले, तर एक मिलिमीटर सरकल्याने शंभर मीटरवर १८ सेंटीमीटरचा फरक पडतो. घासून माशी ठेंगणी केली की गोळी वर जाते. पण घासलेले पोलाद परत येत नाही, म्हणून कानस हळू. आणि हे सारे दर वर्षी कशाला? कारण वसईच्या पावसाळ्यात दस्त्याचे लाकूड ओल पिऊन फुगते, नळीला दाबते आणि गेल्या वर्षीचा नेम यंदा राहत नाही.

हा क्रम एकदाच मोडला. साल १९६६. सवयीची परदेशी काडतुसे मिळेनाशी झाली होती. परवान्यावर मोजकीच मिळत, तीही महाग. आजोबांनी दुसऱ्या बनावटीचा डबा आणला आणि मनाशी म्हणाले, रायफल तीच, हात तोच. तीन काडतुसे कागदावर कशाला उधळायची?

त्याच रात्री खाचरात डुक्कर आले. गोळी खांद्याऐवजी पायात बसली. जखमी जनावर झुडपात शिरले आणि बॅटरी घेऊन पुढे गेलेल्या आमच्या वाडीवरच्या गड्याच्या मांडीत त्याने सुळा घातला. गडी वाचला, पण पाय कायमचा अधू झाला.

सकाळी आजोबा एकटेच डोंगराखाली गेले. त्याच डब्यातल्या तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही भोके अगदी एकमेकांना खेटून होती, मात्र मध्यापासून वीतभर खाली. काडतुसे उत्तम होती. माशी त्यांच्यासाठी लावलेली नव्हती, इतकेच. त्यानंतर त्यांनी जनावरावर बंदूक उचलली नाही.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच संपले. तुंगारेश्वर २००३ पासून अभयारण्य आहे. झाले ते योग्यच झाले. पण आजोबांची ती रीत काही संपली नाही. ती नेमबाजीच्या मैदानावर गेली. ५० मीटरवरच्या रायफल स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे. म्हणून मोठे नेमबाज एकाच कंपनीच्या काडतुसांच्याही निरनिराळ्या खेपा आपल्या रायफलीत लावून पाहतात आणि मानवेल तीच खेप स्पर्धेसाठी राखून ठेवतात. २०१० साली म्युनिकला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसळे, ही कोल्हापूरची दोघेही याच अंतरावरची नेमबाज.

मराठी शिकवण्याचा माझा धंदा, त्यामुळे एक शब्द मनातून जात नाही. आपल्या भाषेत 'नेम' धरायचाही असतो आणि पाळायचाही असतो. आजोबांचा धरायचा नेम चुकला, कारण पाळायचा नेम त्यांनी एका दिवसापुरता मोडला.

वय झाल्यावर त्यांनी ती रायफल रीतसर परवानाधारक विक्रेत्याकडे देऊन टाकली. दुसरा एक नेम मात्र अखेरपर्यंत पाळला. दिवाळीला फराळाचे पहिले ताट त्या गड्याच्या घरी जाई, आणि ते घेऊन आजोबा स्वतः जात.