पडद्याची मुखत्यारी

अमेरिकेतील ब्लिझार्ड एंटरटेनमेंट या कंपनीने २३ नोव्हेंबर २००४ रोजी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन खेळ प्रसिद्ध केला आणि ॲझरॉथ नावाची एक कल्पित सृष्टी खेळाडूंना वस्तीसाठी खुली करून दिली. त्या सृष्टीतील पर्वत, नगरे, राक्षस, शस्त्रे आणि नाणी या सर्वांवर कंपनीचा अनियंत्रित अंमल चालतो. कोणत्या तलवारीने किती घाव बसावा आणि कोणता राक्षस किती घावांनी पडावा, हे कॅलिफोर्नियातील तिच्या कचेरीत ठरते, आणि खेळाडूला त्यात तिळमात्र फेरफार करता येत नाही. परंतु एका बाबतीत या कंपनीने आरंभापासून औदार्य दाखविले. खेळाडूच्या पडद्यावर कोणती माहिती, कोणत्या जागी आणि कोणत्या रूपात दिसावी, हे ठरविण्याची मुखत्यारी तिने पुष्कळ अंशी खेळाडूंच्याच स्वाधीन केली, आणि या मुखत्यारीच्या बळावर खेळाडूंनी जे लहानमोठे प्रोग्राम लिहिले, त्यांना ॲडऑन म्हणतात. घराचा मालक भिंती हलवू देत नाही, पण खुंट्या कोठे ठोकाव्यात आणि दिवा कोठे टांगावा हे बिऱ्हाडकरूने आपल्या सोयीने पाहावे, अशातला हा व्यवहार आहे.

ही सोय कशासाठी लागावी, हे ज्याने हा खेळ खेळला नाही त्याच्या सहसा ध्यानात येणार नाही. आरंभीच्या काळात मोल्टन कोअर या अग्निमय गुहेत उतरायचे तर ४० जणांचे पथक जमवावे लागे. त्या पथकात ज्यांच्याकडे सोबत्यांच्या जखमा भरून काढण्याचे काम असे, त्या हीलर मंडळींना समोरच्या राक्षसाकडे पाहण्याचीही फुरसत नसे. ४० नावांपुढच्या ४० जीवनपट्ट्यांपैकी कोणती झपाट्याने उतरत आहे, कोणाच्या अंगी विष भिनले आहे, कोणावर शाप पडला आहे, हे सारे त्यांना एका दृष्टिक्षेपात टिपावे लागे, आणि कंपनीचा मूळ पडदा या कामाला तोकडा पडे. ही उणीव खेळाडूंनीच ‘हीलबॉट’, ‘ग्रिड’ यांसारखे ॲडऑन लिहून भरून काढली. ‘डेडली बॉस मॉड्स’ हा ॲडऑन बलाढ्य शत्रूच्या पुढील आघाताची आगाऊ वर्दी देतो, ‘डीटेल्स’ हा लढाईत कोणी किती घाव घातले याचा हिशेब मांडतो, तर ‘बॅग्नॉन’ खेळाडूच्या अनेक पिशव्यांतील सामान एकाच चौकटीत लावून दाखवितो.

हे ॲडऑन मुख्यत्वे लुआ या भाषेत लिहिले जातात. ब्राझीलमधील रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात १९९३ साली तिघा संशोधकांनी ही भाषा घडविली. ती सुटसुटीत आहे, आणि मोठ्या प्रोग्रामच्या पोटात सहज सामावते. ज्यांचा प्रोग्रामिंगशी पूर्वी कधी संबंध आला नव्हता, अशा कित्येकांनी केवळ आपला पडदा नीट लागावा या इच्छेने तिची मुळाक्षरे गिरविली असतील, आणि या खेळाची ही फलश्रुती मला त्यातील कोणत्याही पराक्रमाहून मोलाची वाटते.

परंतु मुखत्यारी म्हटली की तिची हद्द कोठे संपते हा प्रश्न ओघानेच येतो, आणि ॲडऑनचा सारा इतिहास हा या हद्दीच्या तंट्याचाच इतिहास आहे. आरंभी ‘डीकर्सिव्ह’ नावाचा एक ॲडऑन फार लोकप्रिय होता. पथकातील कोणाला शाप अथवा विष बाधले आहे हे तो स्वतःच शोधी, त्यावरचा उतारा स्वतःच निवडी, आणि खेळाडूने तेच ते बटण दाबीत राहावे, एवढेच काम त्याच्याकडे उरे. म्हणजे खेळाडूचा निर्णय खेळाडूच्या हातून जाऊन यंत्राच्या हाती गेला होता. २००६च्या डिसेंबरात आलेल्या २.० या पॅचने, म्हणजे खेळाच्या सुधारित आवृत्तीने, ही वहिवाट मोडली. त्या दिवसापासून मंत्र टाकणे, सावज निवडणे या क्रिया खेळाडूने प्रत्यक्ष कळ दाबल्याखेरीज घडत नाहीत, आणि लढाई चालू असताना कोणत्या बटणाने काय घडावे हे ॲडऑनला परभारे बदलता येत नाही. ‘डीकर्सिव्ह’ पुढेही टिकला, पण तेव्हापासून तो केवळ बाधित सोबत्याकडे अंगुलिनिर्देश करू लागला. उतारा टाकायचा तो खेळाडूनेच. माहिती देणे हे ॲडऑनचे काम आणि निर्णय घेणे हे माणसाचे, ही जी सीमारेषा तेव्हा आखली गेली ती योग्य होती असे माझे स्पष्ट मत आहे, कारण जो खेळ यंत्रच यंत्राशी खेळते त्यात माणसाला बसण्याचे प्रयोजनच उरत नाही.

पुढे २००९च्या मार्च महिन्यात कंपनीने ॲडऑनविषयी एक जाहीरनामा काढला. ॲडऑन विनामूल्य असावा, त्याचा कोड कोणालाही वाचता यावा, खेळाच्या आत त्याने जाहिरात करू नये की देणगी मागू नये, अशी त्यातील प्रमुख कलमे होती. देणग्यांवर विसंबून काम करणाऱ्या काही लेखकांना हा हुकूम जाचक वाटला, आणि त्यांची व्यथा खोटी नव्हती. एका बाजूस कंपनी दरमहा वर्गणी घेते आणि दुसऱ्या बाजूस तिचाच पडदा सुधारणाऱ्याने मात्र फुकट राबावे, हा न्याय अपुराच म्हटला पाहिजे. तथापि कोड उघडा ठेवण्याचे कलम सर्वांच्या हिताचे ठरले, कारण त्यामुळे एकाचे काम दुसऱ्याला तपासता येते आणि त्यापासून शिकताही येते. हद्दीचा तंटा मात्र पुन्हा उठला: २०१० साली ‘एव्हीआर’ हा ॲडऑन थेट ॲझरॉथच्या भूमीवरच खुणा रेखाटू लागला, तेव्हा कंपनीने ३.३.५ या पॅचद्वारे त्याला मज्जाव केला.

आता ॲडऑन बसविण्याची रीत. प्रथम खेळ पूर्ण बंद करावा. कर्सफोर्ज किंवा वॉवइंटरफेस यांसारख्या जुन्या आणि परिचित ठिकाणाहून ॲडऑनची झिप फाइल उतरवून घ्यावी, आणि ती उघडून आतील फोल्डर खेळाच्या ‘रिटेल’, म्हणजे चालू आवृत्तीच्या, फोल्डरातील ‘इंटरफेस’ व त्यातील ‘ॲडऑन्स’ या फोल्डरात ठेवावा. खेळाची ‘क्लासिक’, म्हणजे जुन्या रूपातील, आवृत्ती खेळणाऱ्याने ‘रिटेल’च्या जागी आपल्या आवृत्तीचा फोल्डर घ्यावा. येथेच नवशिक्याची हमखास फसगत होते. झिप उघडताना कधी फोल्डराच्या पोटात त्याच नावाचा दुसरा फोल्डर तयार होतो, कधी फोल्डराच्या नावापुढे एखादे शेपूट चिकटते, आणि खेळाला तो ॲडऑन दिसेनासा होतो. प्रत्येक ॲडऑनबरोबर टीओसी प्रकारची एक छोटी फाइल असते, तिचे नाव आणि फोल्डराचे नाव तंतोतंत जुळले पाहिजे. या फाइलीत ॲडऑन खेळाच्या कोणत्या आवृत्तीसाठी लिहिला आहे याची अंकात नोंद असते, ११.०.२ या पॅचसाठी ती ११०००२ अशी. नवा पॅच आला की हा आकडा मागे पडतो आणि खेळ त्या ॲडऑनला कालबाह्य ठरवितो. पात्र निवडण्याच्या पडद्यावरील ॲडऑनच्या यादीत कालबाह्य ॲडऑनही चालू द्यावेत अशी एक चौकट आहे, ती टिचकावली की अनेकदा काम पूर्ववत सुरू होते. हे सारे परस्पर करून देणारे प्रोग्रामही मिळतात; पण एकदा तरी हाताने बसवून पाहावे, म्हणजे बिघाड झाल्यास तो कोठे शोधायचा हे कळते.

ॲडऑनने केलेल्या नोंदी ‘डब्ल्यूटीएफ’ नावाच्या वेगळ्या फोल्डरात साठतात, म्हणून ॲडऑन काढून टाकला तरी त्याची मांडणी मागे राहते. मोठा फेरबदल करण्यापूर्वी या फोल्डराची एक नक्कल बाजूला ठेवावी.

सुरक्षिततेविषयी लोकांच्या मनात जे भय असते त्याचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. ॲडऑनला खेळाच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकता येत नाही. तो तुमची इतर दप्तरे वाचू शकत नाही की इंटरनेटवरून कोणाला काही धाडू शकत नाही. धोका असतो तो ॲडऑनच्या नावाखाली येणाऱ्या भलत्याच वस्तूंचा. २०१४च्या जानेवारीत ॲडऑन बसविणाऱ्या एका प्रसिद्ध प्रोग्रामची बनावट प्रत काही खेळाडूंच्या संगणकांत शिरली आणि त्यांची खाती परक्यांच्या हाती गेली. खऱ्या ॲडऑनच्या झिपमध्ये कोड, चित्रे, आवाज आणि अक्षरवळणे एवढेच असते. त्यात चालविण्याजोगी एक्झी फाइल आढळली तर ती न उघडता नष्ट करावी. खेळात भेटलेल्या अनोळखी माणसाने एखादी गूढ आज्ञा टाइप करण्यास सांगितले, तर तीही टाळावी.

या सर्व खटाटोपाचे सर्वांत उदात्त रूप मला ‘स्कू’ या ॲडऑनमध्ये दिसते. दृष्टिहीन माणसाला ‘क्लासिक’ आवृत्ती खेळता यावी म्हणून तो लिहिला गेला: पडद्यावरील मजकूर तो वाचून दाखवितो आणि ध्वनीच्या खुणांनी रस्ता दाखवितो. ज्या सृष्टीची रचना डोळस माणसांनी डोळस माणसांसाठीच केली, तिची द्वारे एका खेळाडूच्या निःस्वार्थ परिश्रमाने अंधांना उघडली. पडद्याची ती मुखत्यारी आरंभी दिली गेली नसती, तर हे कदापि घडले नसते.

म्हणूनच ‘मिडनाइट’ या विस्ताराच्या निमित्ताने २०२५ साली कंपनीने जो निर्णय जाहीर केला, त्याकडे मी काळजीने पाहतो. लढाईतील बहुतांश माहिती ॲडऑनला यापुढे पडद्यावर मांडता येईल, तिचा रंग, आकार आणि जागा बदलता येईल, पण ती वाचून तिच्यावर तर्क चालविता येणार नाही, असा या निर्णयाचा मथितार्थ आहे. तर्क चालविणाऱ्या ॲडऑनमध्ये अग्रगण्य असलेल्या ‘वीकऑराज’च्या लेखकांनी ‘मिडनाइट’साठी आपला ॲडऑन तयार करणार नसल्याचे कळविले. शत्रूच्या आघाताची वर्दी आणि घावांचा हिशेब कंपनी आता स्वतःच देऊ पाहते. ॲडऑनवाचून लढाई जिंकताच येऊ नये, इतकी परिस्थिती विकोपाला गेली होती, हे मान्य केले पाहिजे, आणि २००६ साली जे तत्त्व योग्य होते ते आजही योग्यच आहे. परंतु अपंग खेळाडूंना ज्या सोयी खेळाडूंनीच निर्माण करून दिल्या, त्यांची भरपाई झाल्याखेरीज एकही दार बंद करू नये.

ज्या वाचकाला हा खेळ नव्याने सुरू करायचा असेल त्याने काही दिवस मूळ पडद्यावरच खेळावे, जेथे खरोखर अडेल तेथेच एखादा ॲडऑन बसवावा, आणि तो बिघडल्यास लेखकाला दूषण न देता खेळाचा पॅच क्रमांक, ॲडऑनची आवृत्ती आणि पडद्यावर उमटलेल्या एररचा संपूर्ण मजकूर त्याला कळवावा. यापैकी बहुतेक लेखक हे काम आपली नोकरी सांभाळून, रात्री, विनामोबदला करतात.