समुद्रावरचे गोडे पाणी

साठ वर्षांपूर्वी मुंबईत सागवानी लाकडाची एक ३२ फुटी शिडाची नौका बांधली गेली. तिचे नाव ‘सुहेली’. व्यापारी जहाजांवर अधिकारी असलेला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज तरुण तिचा मालक. १४ जून १९६८ रोजी तो इंग्लंडच्या फालमथ बंदरातून ‘सुहेली’वर एकटाच निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, तेथेच परतला. एकट्याने आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो जगातील पहिला माणूस. ही हकीकत अनेकांना ठाऊक असते. वाटेत त्याच्या पिण्याच्या पाण्याचे काय झाले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. दक्षिणेकडील वादळी समुद्रात शिरल्यावर त्याच्या टाक्यांतील पाणी खराब झाल्याचे त्याला आढळले. पुढे जवळजवळ अख्खी प्रदक्षिणा शिल्लक होती आणि बंदराला लागायचे नाही, ही तर शर्यतीची अटच. हाती उरले ते प्लॅस्टिकच्या डब्यांत वेगळे भरून ठेवलेले थोडे पाणी आणि आभाळातून पडेल तेवढे. त्या भरवशावर तो पुढे गेला.

ते वेगळे डबे नसते तर त्याला मागे फिरावे लागले असते, असे माझे मत आहे. छोट्या नौकेवरील गोड्या पाण्याच्या व्यवस्थेचे सारे शास्त्र या एका प्रसंगात सामावले आहे. समुद्रावर पाणी केवळ संपते असे नाही. बरेचदा ते असूनही पिण्याजोगे राहत नाही.

तीस-चाळीस फुटांच्या प्रवासी नौकेवर साधारणपणे दोनशे ते चारशे लिटर पाण्याची सोय असते. एका माणसाला पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी दिवसाला किमान तीन-चार लिटर लागतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून अधिक. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो वजन, म्हणून टाक्या नौकेच्या तळाकडे, बैठकांखाली बसविलेल्या असतात. अडचण तेथूनच सुरू होते. जी वस्तू दिसत नाही तिच्याकडे लक्ष जात नाही. आपल्या सोसायटीच्या गच्चीवरील टाकी वर्षानुवर्षे कोणी उघडून पाहत नाही, तसेच हे.

टाकी स्टेनलेस स्टीलची, प्लॅस्टिकची किंवा लवचीक पिशवीची असते. तिचे खरे शत्रू दोन तोंडांतून आत येतात. पहिले तोंड डेकवरचे, पाणी भरण्याचे. त्याच्या झाकणाखाली एक साधे रबरी कडे असते. ते वाळून चिरले की डेकवर येणाऱ्या प्रत्येक लाटेचे थोडे खारे पाणी आत झिरपते. या तोंडाशेजारीच डिझेल भरण्याचे तोंड असले आणि दोन्ही झाकणे सारखी दिसत असली, तर घाईत पाण्याच्या टाकीत डिझेल ओतले जाते. हसण्यासारखी गोष्ट वाटते. पण एकदा असे झाले की टाकी, नळ्या आणि पंप यांतून तो वास महिनोन्‌महिने जात नाही. झाकणांना दोन ठळक रंग देणे हा उपाय फुकटात पडतो.

दुसरे तोंड हवेच्या नळीचे. पाणी भरताना हवा बाहेर जावी आणि उपसताना आत यावी, म्हणून ही बारीक नळी असते. तिचे टोक नौकेच्या बाहेरच्या अंगाला काढले असेल, तर नौका वाऱ्याने कलल्यावर ते समुद्रात बुडते आणि टाकी निमूटपणे खारट होत जाते. हे टोक नौकेच्या आत, उंचावर आणि बारीक जाळी लावूनच असावे.

टाक्या दोन असाव्यात आणि प्रत्येकीला स्वतंत्र झडप असावी. एका वेळी एकीचीच झडप उघडी ठेवावी. दोन्ही झडपा उघड्या टाकून निघणारे लोक दोन टाक्यांची एकच टाकी करून टाकतात. मग एकीतला बिघाड दुसरीत पोचायला वेळ लागत नाही. शिवाय पहिली टाकी कोरडी पडली की निम्मा साठा संपल्याची सूचना आपोआप मिळते. काट्यांवर विसंबण्यापेक्षा हे बरे.

टाकीपासून नळापर्यंत पाणी नेतो तो बारा व्होल्टचा छोटा पंप. नळ उघडला की दाब उतरतो, पंप सुरू होतो. नळ बंद केला की थांबतो. त्याच्या अलीकडे एक गाळणी असते. ती दर महिन्याला उघडून धुतली नाही, तर पंपाच्या आतील रबरी पडद्याखाली कचरा अडकतो. पंपाचा आवाज ओळखीचा करून घ्यावा. रात्री कोणीही नळ उघडलेला नसताना पंप क्षणभर घुरघुरून गप्प झाला, तर कोठेतरी सांधा गळतो आहे, हे नक्की. नळीची पट्टी ढिली झालेली असते किंवा नळाचा वायसर गेलेला असतो. झोप मोडून तेव्हाच शोधावे. रात्रभर चाललेली अशी गळती सकाळपर्यंत टाकी रिकामी करू शकते, आणि ते पाणी तळाच्या तेलकट पाण्यात मिसळून वाया जाते. बंदर सोडून लांब निघाल्यावर तर विजेचा पंप बंदच ठेवावा व पायाने दाबायचा पंप वापरावा, असे जुने जाणकार सांगतात. जेवढे दाबू तेवढेच पाणी येते, त्यामुळे हात आपोआप आखडतो.

आता स्वच्छतेकडे वळू. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात छोट्या नौका पाण्याबाहेर काढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमा उलटली की पुन्हा उतरवण्याची तयारी सुरू होते. या तीन-चार महिन्यांत टाकीच्या तळाशी राहिलेल्या पाण्यावर बुळबुळीत थर धरतो. पहिल्याच सहलीत पाण्याला कुबट वास येतो, तो याचा. म्हणून हंगामाच्या आरंभी टाकी उघडून हाताने पुसावी आणि नंतर क्लोरीनने निर्जंतुक करावी. नंदुरबार जिल्ह्यातील चिंचपाड्यापासून कोकणातल्या कोणत्याही वाडीपर्यंत, गावच्या टाकीसाठी ग्रामपंचायती जी टीसीएल पावडर वापरतात, तिचे तत्त्व तेच. पण नौकेवर ती नको. तिच्यातील चुन्याचा गाळ खाली बसतो आणि बारीक नळ्या व गाळण्या तुंबवतो. येथे सुगंध नसलेले, ५ टक्के तीव्रतेचे द्रवरूप हायपोक्लोराइट चांगले. दर लिटर पाण्याला एक मिलिलिटर, म्हणजे शंभर लिटरला शंभर मिलिलिटर, हे प्रमाण. प्रत्येक नळातून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडावे, चार तास तसेच ठेवावे, मग सारे काढून टाकून ताज्या पाण्याने दोनदा धुवावे. स्टीलच्या टाकीत हे पाणी दिवसेंदिवस ठेवू नये, धातू खातो. त्याच सुमारास व्हिनेगर किंवा ॲसिडने टाकी साफ करायची हौस असेल, तर ती वेगळ्या दिवशी भागवावी. दोन्ही एकत्र आल्यास विषारी वायू सुटतो, आणि नौकेच्या तळघरासारख्या जागेत तो जिवावर बेतू शकतो.

समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र आता छोट्या नौकांवरही येते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात; ते मागे ठेवण्यासाठी पाणी जवळजवळ ५५ बार दाबाने एका पातळ पापुद्र्यातून ढकलावे लागते. हा पापुद्रा फार नाजूक असतो. बंदरातील तेलकट पाण्याने तो बाद होतो, आणि वर सांगितलेल्या क्लोरीननेही. म्हणजे टाकी ज्याने शुद्ध होते त्यानेच यंत्र मरते! म्हणून यंत्र धुण्याचे पाणी आधी कोळशाच्या गाळणीतून काढावे लागते. यंत्र आठवडाभर पडून राहणार असेल तर गोड्या पाण्याने धुणे भागच आहे. एवढे सांभाळूनही त्याला प्रवासाचा एकमेव आधार मानू नये.

आपल्याकडच्या मोहिमांत हा हिशेब वेगवेगळा दिसतो. गोव्यात दिवाडी येथील रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली ५६ फुटी ‘म्हादेई’ घेऊन कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने प्रदक्षिणा केली. वाटेत चार बंदरे होती, टाक्या पुन्हा भरता येत होत्या. त्याच नौकेवर अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता गेले. तेथे निघतानाचा साठा, त्याची राखण आणि पाऊस, एवढेच. पुढे २०१८च्या गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी त्याच कारखान्यात ‘सुहेली’चीच प्रतिकृती, ‘तुरिया’, तयार झाली. १९६८ सालची साधनेच वापरायची, असा त्या शर्यतीचा दंडक असल्याने पाणी गोडे करणारे यंत्र नव्हतेच.

अशा वेळी शीड हेच पाणलोट क्षेत्र होते. शिडावरून ओघळणारे पाणी आडव्या दांड्याकडे, डोलकाठीच्या बुडाशी जमते. तेथे बादली टांगतात. पहिली दहा मिनिटे ते पाणी वाहू द्यावे लागते, कारण शिडावर मीठ साचलेले असते. नंतरचे पाणी जिभेवर घेऊन पाहावे, आणि चव गोडी लागली तरी ते टाकीत ओतू नये. वेगळ्या डब्यात भरून, झाकण घट्ट लावून, डबा दोरीने बांधून ठेवावा.