सल्लागार बँक सोडतो, तेव्हा खातेदार कुणाचा?

कापसाच्या चुकाऱ्यातले थोडे पैसे राळेगावचा कास्तकार म्युच्युअल फंडात टाकतो, तेव्हा त्याचा भरवसा फंडापेक्षा समोरच्या माणसावर असतो. ‘भाऊ, तुम्ही म्हणता म्हणून सही करतो.’ हाच भाऊ यवतमाळची एक बँक सोडून दुसरीत गेला, की जुनी बँक नोटीस धाडू शकते: नोकरी सोडल्यावर वर्षभर आमच्या ग्राहकांना गाठायचं नाही, असं तुम्ही लिहून दिलंय.

यामागे कमिशनचं गणित आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये सेबीने आगाऊ कमिशन जवळपास बंदच केलं. आता पैसे फंडात असेपर्यंत कमिशन थोडंथोडं येत राहतं. एक खातेदार गेला, तर पुढच्या कित्येक वर्षांची मिळकत गेली.

पण त्या लिहून दिलेल्या कागदाला जोर किती? भारतीय करार कायदा 1872 चं कलम 27 म्हणतं, कुणाला कायदेशीर धंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द. धंद्याची गुडविल विकणाऱ्याचा अपवाद तेवढा कलमातच आहे. नोकरीची मुदत चालू असेपर्यंतचं बंधन मात्र टिकतं. कल्याणच्या सेंच्युरी कंपनीचा कर्मचारी पाच वर्षांचा करार मोडून कोट्याच्या कारखान्यात गेला, तेव्हा 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला उरलेल्या मुदतीपुरतं रोखलं. मुदत संपल्यावर काय, हे श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानच्या खटल्यात दिसलं. त्याच्या जाहिरातींचं काम पाहणाऱ्या परसेप्ट कंपनीला करार संपल्यावरही आपला पहिला हक्क हवा होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो नाकारला आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम ठेवलं.

त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयापुढे अमेरिकन एक्सप्रेस बँकेचं प्रकरण आलं. श्रीमंत ग्राहकांची गुंतवणूक पाहणारी अधिकारी दुसऱ्या बँकेत निघाली होती. ग्राहकांशी व्यवहार करण्यापासून तिला अडवायला न्यायालयाने नकार दिला. मला हा निकाल रास्त वाटतो. ग्राहक काही बँकेच्या सातबाऱ्यावर चढलेला नसतो.

तरी सल्लागाराला सगळं मोकळं रान नाही. 2009 मध्ये डेसिकंट रोटर्स या कंपनीच्या खटल्यात दिल्लीच्याच न्यायालयाने माणसाला नवी नोकरी करू दिली, पण जुन्या ग्राहकांच्या मागे लागायला मनाई केली. म्हणून अशा वादात पहिला फोन कुणी केला, हे पाहिलं जातं. खातेदार आपणहून आला तर गोष्ट वेगळी. आणि बँकेच्या संगणकातून यादी परवानगीशिवाय उतरवून नेली, तर माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चं कलम 43 लागू शकतं, मग करारात काहीही लिहिलेलं असो.

या भांडणात कास्तकाराने एक गोष्ट धरून ठेवावी. वितरक, म्हणजे हा सल्लागार किंवा त्याची बँक, बदलायला फंड विकावा लागत नाही. अर्जावर फोलिओ क्रमांक, नव्या वितरकाचा एआरएन (नोंदणी क्रमांक) आणि सही, एवढ्यावर काम होतं. युनिट जागचे हलत नाहीत. ‘आधी पैसे काढा, मग माझ्याकडे टाका’ असं कुणी म्हटलं, तर एक्झिट लोड (लवकर पैसे काढल्याचा आकार) आणि भांडवली नफ्यावरचा कर खातेदाराच्या खिशातून जाऊ शकतो. विम्यात तर जास्त जपायला हवं. एका एजंटाला एका वेळी एकाच आयुर्विमा कंपनीचं काम करता येतं, म्हणून कंपनी बदललेला एजंट जुनी पॉलिसी मोडून नवी घ्यायला सुचवू शकतो. सुरुवातीच्या वर्षांत पॉलिसी मोडली, तर भरलेल्या हप्त्यांपेक्षा बरंच कमी हाती येतं. तेव्हा सरेंडरच्या अर्जावर सही करण्याआधी किती रक्कम मिळेल, तो आकडा जुन्या कंपनीच्या शाखेतून लेखी मागून घ्यावा.