जुन्या द्राक्षबागेतील वाणबदल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बाजाराची मागणी बदलली किंवा जुना वाण परवडेनासा झाला, की नाशिक-सांगली पट्ट्यात उभ्या बागेवर दुसऱ्या वाणाचे कलम केले जाते. जुने खोड कापायचे, खाली आलेल्या जोमदार फुटीवर नव्या वाणाची काडी पाचर कलमाने बसवायची आणि मुळे तीच ठेवायची, अशी ही पद्धत आहे.

गैरसमज : वाण बदलायचा तर बाग उपटावीच लागते.
वस्तुस्थिती : मुळे निरोगी असतील आणि मर फार नसेल, तर उपटण्याची गरज नसते. खोलवर गेलेली मुळे नव्या फुटीला जोमाने वाढवतात. मांडव, तारा आणि ठिबकही कामी येतात.

गैरसमज : वाण बदलला की बागेचे जुने दुखणे जाते.
वस्तुस्थिती : कलमाच्या खालचा भाग जुनाच राहतो. जमिनीतील क्षार, सूत्रकृमी किंवा कुजलेली मुळे यांवर वाणबदल हा उपाय नाही. जुन्या वेलीत लीफरोल विषाणू असेल, तर तो कलमाच्या सांध्यातून नव्या वाणातही पोहोचतो. अशी बाग उपटून, जमीन सुधारून, डॉगरिज किंवा ११०-आर यांसारख्या योग्य खुंटावर नव्याने लावलेलीच बरी.

गैरसमज : ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कलम केले, की लगेच ऑक्टोबर छाटणीत माल धरता येतो.
वस्तुस्थिती : कलमाच्या फुटीपासून आधी खोड, मग ओलांडे आणि त्यांवर मालकाड्या तयार कराव्या लागतात. सूक्ष्म घडनिर्मिती एप्रिल छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत होते. त्यामुळे भरवशाचा माल लवकरात लवकर पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबर छाटणीतून मिळतो.

गैरसमज : कलमाची काडी कोणत्याही बागेतून आणली तरी चालते.
वस्तुस्थिती : फळे वेलीवर असतानाच निरोगी, भरघोस घडांच्या वेली हेरून खुणा कराव्या लागतात, नुसत्या काडीवरून उत्पादनक्षमता कळत नाही. शिवाय काही नव्या वाणांचे हक्क राखीव असतात. त्यांची लागवड परवान्यानेच करता येते.

गैरसमज : कलम जुळले, की काम संपले.
वस्तुस्थिती : सांध्याखालून जुन्या वाणाची किंवा खुंटाची फूट पुन्हा पुन्हा येते. ती कोवळी असतानाच खुडली नाही, तर अन्नरस तिकडे जातो आणि कलम मागे पडते. वाढणारी फूट बांबूला बांधावी लागते. कलमपट्टीही वेळेवर सैल केली नाही, तर ती खोडात रुतते.