आठवणींची स्थळप्रत ठेवली का?

आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या वाचकांना दोन आवाज हमखास आठवतील. एक, गुंतलेली कॅसेट पेन्सिलीने गुंडाळताना होणारी करकर. दुसरा, सायबर कॅफेत मोडेम जोडला जाताना निघणारी किरकिर आणि शिट्टी. दोन्ही आवाज बंद झाले. त्याचे दुःख करण्यात अर्थ नाही. नवे आले की जुने जाणारच. पण त्या आवाजांबरोबर आपल्या घरातले, वस्तीतले आणखी काय काय गेले, याचा हिशेब कुणी केला नाही. तो आज करू या.

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने ते आणले. ‘सर्वसामान्यांसाठी’ हे म्हणण्यापुरतेच! नुसती अक्षरे दाखवणाऱ्या साध्या जोडणीला 250 तासांचे 5,000 रुपये पडत. टेलिफोनचे बिल वेगळे, आणि इंटरनेट चालू असेपर्यंत घरचा फोन अडकलेला. ज्या घरात फोन नाही, संगणक नाही, त्या घराला हे कसे परवडावे? 1998 साली खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली. पुढे दर उतरले आणि गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले. कामगाराच्या मुलाने इंटरनेट पहिल्यांदा पाहिले ते तिथे.

प्लायवूडची खोक्याएवढी केबिन, एका खुर्चीवर दोघे मित्र, अर्ध्या तासाचे पैसे वर्गणीने जमवलेले. पडद्यावर फोटो उतरायचा तो वरून खाली, रेघ रेघ करीत. तो पुरा होईपर्यंत पाच मिनिटे संपलेली असत. मालक वहीत वेळ मांडून ठेवी. दहावी-बारावीच्या निकालादिवशी तर कॅफेबाहेर रांग लागे. कुणी तळहातावर पेनाने सीट नंबर लिहून आणलेला, कुणाची आई कामावरून अर्धी रजा टाकून दाराशी उभी. ‘पास’ एवढा एक शब्द वाचायला सगळे कुटुंब त्या लहानशा पडद्यावर वाकायचे.

मग 2004 साली ऑर्कुट आले. आपल्या तरुणांनी ते डोक्यावर घेतले. गावाच्या नावाचे, कॉलेजच्या नावाचे गट निघाले. नोकरीसाठी पांगलेले वर्गमित्र तिथे पुन्हा भेटले. सहलीचे, लग्नाचे, बाळाच्या बारशाचे फोटो तिथे चढले. 30 सप्टेंबर 2014 रोजी ते कंपनीने बंद केले. आपले फोटो उतरवून घ्यायला त्यानंतरही 2016 पर्यंत मुदत होती. पण किती जणांना ते कळले? कळले त्यांना पासवर्ड आठवेना, आणि ज्या कॅफेत बसून खाते उघडले तिथे एव्हाना मोबाईलचे दुकान आलेले.

हे केवळ आपल्याकडेच झाले असे नाही. अमेरिकेत 1994 साली जिओसिटीज निघाले होते. तिथे कुणालाही फुकटात आपले पान मांडता येई. त्या पानांच्या चक्क वस्त्या केलेल्या होत्या, प्रत्येक पानाला घरासारखा नंबर असे. पुढे ते याहूने विकत घेतले आणि ऑक्टोबर 2009 मध्ये बंद केले. लाखो पाने एका फटक्यात गेली असती. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जमतील तेवढ्यांच्या प्रती काढल्या, म्हणून थोडीफार वाचली. वस्ती उठवताना भांडी-पत्रे वाचवावीत, तसेच ते काम होते.

मराठीची आणखी वेगळीच गोष्ट. त्या काळात संगणकावर मराठी लिहायचे तर प्रत्येक कंपनीचा फॉन्ट निराळा. देवनागरी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेले असे. तो फॉन्ट नसेल तर ‘क’च्या जागी भलतेच चिन्ह दिसे. मंडळाचे अहवाल, स्मरणिका, वधू-वर सूची, कविता असे कितीतरी लेखन त्या फॉन्टमध्ये झाले. आज जुनी सीडी घातली तर ओळीच्या ओळी न कळणाऱ्या इंग्रजी अक्षरांच्या! पुढे युनिकोड रुजले, त्यात प्रत्येक अक्षराचा नंबर जगभर एकच, म्हणून आजचे लिहिलेले कुठेही वाचता येते. मागचे मात्र तसेच पडून राहिले.

आणि कॅसेट? जयंतीला वस्तीत वाजलेल्या भीमगीतांच्या कितीतरी कॅसेट छोट्या कंपन्यांनी काढल्या. गायक, कोरस, ढोलकीवाला यांची नावे फक्त आतल्या कागदावर. ती कॅसेट पावसाळ्यात बुरशीने गेली की आवाजही गेला आणि माणसाचे नावही गेले. ज्यांचा इतिहास इतरांनी लिहून ठेवला नाही, त्यांनी एवढे गमावणे परवडणारे आहे काय?

कोणत्याही कार्यालयात पत्र बाहेर गेले की त्याची स्थळप्रत फाईलला लागते. मूळ पत्र हरवले तरी काम अडत नाही. आपल्या आठवणी आपण कंपन्यांच्या हवाली केल्या; स्थळप्रत तेवढी राहिली. आज फोटो व्हॉट्सॲपवर आणि फेसबुकवर आहेत, म्हणजे गोष्ट तीच आहे, फक्त पाटी बदललेली.

तेव्हा या रविवारी घरच्यांनी मिळून चार कामे करावीत. मोबाईलमधले महत्त्वाचे फोटो पेनड्राइव्हवर उतरवावेत आणि दुसरी प्रत नातेवाइकाकडे ठेवावी. निवडक फोटोंचे प्रिंट काढून मागे नाव, गाव, साल लिहावे. कॅसेट चालत आहेत तोवर संगणकावर भरून घ्याव्यात, आणि आतल्या कागदाचा फोटोही काढावा. मंडळाचे जुने अहवाल युनिकोडमध्ये पुन्हा करून घ्यावेत. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींना हे सहज जमेल. त्यांनी यंत्र सांभाळावे, आजी-आजोबांनी फोटोतली माणसे ओळखून सांगावीत. मात्र आजी-आजोबा आहेत तोवरच हे होईल.