मुंबई, मनामा, यरुशलेम : नातवंडांना भूगोल सांगताना



सप्टेंबर 2020 मध्ये इस्रायल आणि बहरीन यांच्यात करार झाला. पुढच्या वर्षी मनामा ते तेल अवीव थेट विमानही सुरू झाले. तेव्हापासून बहरीनचे नाव आपल्या कानांवर अधूनमधून पडते. नातवंडांना भूगोलाच्या चार गोष्टी सांगायच्या तर हा लहानसा देश फार उपयोगी आहे.

जगाचा नकाशा पसरा. मुंबईपासून यरुशलेमपर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढा. ती बहरीनच्या अगदी जवळून जाते. मुंबईहून मनामा सुमारे 2,400 किलोमीटर, आणि तिथून यरुशलेम आणखी सुमारे 1,600. म्हणजे आपले जुने घर आणि नवे घर यांच्या वाटेवरचाच हा देश.

बहरीन हा बेटांचा देश आहे. बेटाला मुले हिब्रूत 'ई' म्हणतात. तीसहून अधिक बेटे मिळून त्याचे क्षेत्रफळ मुंबईपेक्षा थोडेच मोठे. ही बेटे इराणच्या आखातात आहेत. समुद्र जमिनीत आत घुसला की त्याला आखात म्हणावे, हिब्रूत 'मिफ्रात्स'. पण हे पाणी वेगळे नव्हे. होर्मुझच्या सामुद्रधुनीतून ते अरबी समुद्राला मिळते, आणि तोच समुद्र आपल्या नवगावच्या किनाऱ्याला लागतो.

नावही मुलांना आवडेल. अरबीत 'बहर' म्हणजे समुद्र आणि 'बहरैन' म्हणजे दोन समुद्र. हिब्रूत दोन हातांना 'यादायिम' म्हणतात, तसेच हे द्विवचन. दोन समुद्र कोणते? एक खारा, दुसरा गोडा, असा एक अर्थ सांगतात. अरबस्तानच्या उंच भागात मुरलेले पाणी खडकांच्या थरांतून उतरत येई आणि बहरीनजवळ समुद्राच्या तळाशी झऱ्यांवाटे वर येई. मोती काढणारे पाणबुडे कातडी पिशव्यांत ते पिण्यासाठी भरून आणीत. पुढे पंपांनी फार उपसा झाला आणि बहुतेक झरे आटले.

आता रेखांश, म्हणजे उत्तर-दक्षिण उभ्या रेघा. हिब्रूत 'काव ओरेख'. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणून एका अंशाला 4 मिनिटे लागतात. मुंबई सुमारे 73 अंश पूर्वेला, मनामा साडेपन्नास, यरुशलेम 35. गुणाकार मुलांनाच करू द्या. दिवस-रात्र समान असतात तेव्हा मुंबईनंतर सुमारे दीड तासाने मनामात आणि तिथून एक तासाने यरुशलेमात सूर्य मावळतो. शब्बाथही याच क्रमाने येतो.

घड्याळ मात्र माणसाने ठरवलेले. रोश हशानाच्या सुमारास, 23 सप्टेंबरला, मनामा आणि यरुशलेम यांची घड्याळे सारखीच असतात. तरी मनामात साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि यरुशलेमात साडेसहानंतर. हिवाळ्यात इस्रायलचे घड्याळ एक तास मागे जाते, बहरीनचे बारा महिने तेच राहते.

आडव्या रेघा म्हणजे अक्षांश, 'काव रोहव'. साडेतेवीस अंश उत्तरेला कर्कवृत्त आहे. मुंबई त्याच्या दक्षिणेला, 19 अंशांवर. म्हणून तिथे वर्षातून दोनदा, मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस, भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मनामा 26 अंशांवर, यरुशलेम जवळजवळ 32 अंशांवर. दोन्ही कर्कवृत्ताच्या पलीकडे, म्हणून तिथे असे कधीच होत नाही. दुपारची सावली नेहमी उत्तरेकडे पडते. इस्रायलमध्ये जन्मलेल्या मुलाने सावली पायाखाली लपलेली पाहिलेलीच नाही. आपण ती पाहिली आहे.

दिशांचेही तसेच. हिंदुस्थानात आपण पश्चिमेकडे तोंड करून प्रार्थना केली. मनामाहून यरुशलेम पश्चिमेला, थोडे उत्तरेकडे झुकून. अश्दोदच्या माणसाला मात्र पूर्वेकडे वळावे लागते आणि दिमोनाच्या माणसाला उत्तरेकडे. शहर जागचे हलले नाही, आपण हललो.

शाळेत मुले हे सारे हिब्रूतून शिकतीलच. पण अलिबाग, नवगाव, पनवेल ही नावे त्यांच्या धड्यात नसतील. नकाशावर त्या जागी बोट ठेवून मराठीत नाव सांगणे, एवढे काम आपल्याकडे आहे. ते या शब्बाथनंतर, हवदाला झाली की, करावे.