सव्वा लिटर कूलंट आणि एक बुडबुडा

एक लिटर पेट्रोल जळून निघालेली सगळी उष्णता पकडून ठेवता आली, तर तिच्यावर सुमारे 100 लिटर पाण्याला उकळी येईल. मोटारसायकल त्यातला फार तर तिसरा हिस्सा चाकापर्यंत पोचवते. बरीचशी उष्णता सायलेन्सरमधून धुरासोबत जाते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत शिरते. सिलिंडरमध्ये भडका उडतो तेव्हा आतला वायू 2,000 अंशांच्या वर तापतो. पिस्टन ज्या अ‍ॅल्युमिनियमचा असतो ते तर 660 अंशांनाच वितळतं! मिनिटाला 6,000 फेऱ्या फिरणाऱ्या इंजिनात हा भडका सेकंदाला 50 वेळा उडतो, तरी पिस्टन शाबूत. प्रत्येक भडका क्षणभराचा असतो हे एक कारण; दुसरं म्हणजे धातूत शिरलेली उष्णता कुणीतरी सतत उपसत असतं. ज्या मध्यम मोटारसायकलींत हे काम कूलंटकडे असतं, त्यांच्यात ते असतं जेमतेम लिटर-सव्वा लिटर. तेवढंच पुन्हा पुन्हा फिरतं.

मंगरूळपीरच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं राज्य केलं ते स्प्लेंडरसारख्या हवेवर थंड होणाऱ्या गाड्यांनी. सिलिंडरभोवतीच्या पात्यांना वारा लागला की झालं. ना पंप, ना नळ्या. चाकणला तयार होणाऱ्या ड्यूकसारख्या गाड्यांसोबत रेडिएटर तरुण पोरांच्या हाती आला, आणि त्यासोबत एक नवी तक्रारही: शोरूममधून सर्व्हिसिंग करून आणली, सकाळी ठीक चालली, दुपारी बसस्टँडच्या गर्दीत काटा लालकडे. “नवं कूलंट टाकलं ना, मंग काऊन तापून राह्यली?”

पंपाला किंवा गॅस्केटला दोष देण्याआधी पाहावं ते थर्मोस्टॅटकडे. अंगठ्याएवढी ही झडप. तिला ना बॅटरी लागते, ना कॉम्प्युटर. आत मेणाची गोळी असते. कूलंट साधारण 80-85 अंशांना पोचलं की मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि रेडिएटरची वाट उघडते. गार झालं की मेण आक्रसतं, वाट बंद. एवढ्याशा मेणावर अख्ख्या इंजिनाचं तापमान सोपवायचं कुणाला सुचलं असेल!

पण गोम इथेच आहे. सर्व्हिसिंगमध्ये जुनं कूलंट काढून नवं भरतात ते गार इंजिनात, म्हणजे झडप बंद असताना. रेडिएटर काठोकाठ दिसतो, झाकण लागतं, गाडी मालकाच्या ताब्यात जाते. झडपेपलीकडे, इंजिनाच्या माथ्यावर मात्र हवा कोंडलेली असू शकते. ती निसटावी म्हणून अनेक थर्मोस्टॅटना बारीक छिद्र ठेवलेलं असतं, पण तेवढ्याला वेळ द्यावा लागतो. पंप द्रव ढकलायला बनवलेला. त्याच्या पात्यांत हवा आली की तो नुसताच फिरतो. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटऐवजी बुडबुड्यात सापडला, तर त्याला खरं तापमान उशिरा कळतं आणि पंखाही उशिरा सुरू होतो. तोवर इंजिनाचा माथा तापलेला असतो.

गंमत अशी की शेवटी ही सगळी उष्णता हवेलाच द्यायची असते. त्या देवघेवीसाठी जितका पृष्ठभाग मिळेल तितका थोडाच. विल्हेल्म मायबाखने 1900 साली मर्सिडीजसाठी केलेल्या रेडिएटरमध्ये 8,070 बारीक नळ्या होत्या. बाहेरची हवा इंजिन वाचवते, आत शिरलेली तीच हवा त्याला भाजते.

आणि आमच्याकडची बाहेरची हवा तरी कसली! कूलंट 90 अंशांवर आणि पहाटेची थंडी 15 अंशांची, तर फरक 75 अंशांचा. मे महिन्यात पारा 45 वर गेला की फरक उरतो 45. म्हणजे तोच रेडिएटर, वाऱ्याचा वेगही तोच, पण उष्णता बाहेर टाकण्याची ताकद साठ टक्क्यांवर. शिवाय शेलूबाजारजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला मज्जाव. गावच्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागे रांगताना वारा मिळणार कुठून? हिवाळ्यात निभावून गेलेला बुडबुडा वैशाखात उघडा पडतो तो असा.

झाकणाचंही काम झाकण्यापुरतं नसतं. कुकरच्या शिट्टीसारखं ते आत दाब धरतं, त्यामुळे कूलंट 100 अंश ओलांडूनही उकळत नाही. म्हणून गरम इंजिनाचं झाकण कधीही, कुणीही सांगितलं तरी, उघडू नये. दाब सुटताच कूलंट तोंडावर उसळतं. झाकण अर्धवट बसलं असेल तरीही गाडी तापते. पेट्रोलची टाकी काढून काम केलं असेल, तर पंख्याच्या वायरचा प्लग परत लावलाय का, तेही बघावं. माझ्या मते पाहणी सुरू करावी ती याच फुकटच्या दोन गोष्टींपासून.

हवा काढायला मिस्त्री घाई करत नाही. गार गाडीचं झाकण आधीच उघडून, पुढची बाजू जरा उंच करून तो इंजिन संथ चालू ठेवतो, नळ्या हलक्या दाबतो. बुडबुडे वर येत राहतात. मेण वितळून वाट उघडली की पातळी एकदम खाली जाते. तेवढं कूलंट पुन्हा भरायचं. काही गाड्यांना हवा सोडायचा वेगळा स्क्रू असतो. भर घालायला बोअरचं पाणी मात्र नको: त्यातले क्षार नळ्यांच्या आत थर धरतात, आणि तो थर अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने उष्णता फारच कमी जाऊ देतो. तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटरच वापरावं. गाडी रात्रभर गार होऊ द्यावी आणि सकाळी बाजूच्या कूलंटच्या बाटलीतली पातळी बघावी. इंजिनाने तिथलं थोडं कूलंट ओढून घेतलेलं दिसेल, कारण झाकणातली दुसरी झडप गार होताना उलट्या दिशेने उघडते. कुठे गळती नसेल, तर बाटली खुणेपर्यंत भरली की काम झालं.